सतरा ठिपके

तोंडवलीच्या घरातली पहिली सकाळ. आदल्या रात्री उशिरा पोचून माजघरात अंथरुणं टाकली होती आणि चौघंही लाकडाच्या ओंडक्यांसारखे झोपलो होतो. सूर्य माडांच्या शेंड्यांवर आला तसे सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे गोल गोल ठिपके पडले. सात वर्षांच्या लेकीने एकेकावर बोट ठेवून ते मोजले. सतरा. "आई, रुपये सांडलेत," ती म्हणाली. दीड वर्षाचा धाकटा त्यातला एक उचलायला गेला. ठिपका उचलला तर जाईना, उलट हातावर चढून बसला, तसा तो घाबरून रडायला लागला. नवरा उताणा पडून वर बघत होता. त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "नळे."

मी सांगलीची. आमच्याकडे नळाला पाणी येतं. कोकणात नळे म्हणजे छपरावरची कौलं, आणि पाणी त्यातून येऊ नये यासाठी सगळा आटापिटा, हे मला लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कळलं. फुटलेल्या नळ्याचं भोक तिकोनी असो की चिरेसारखं, खाली पडणारा ठिपका गोलच असतो. तो भोकाचा आकार नसतोच, ती सूर्याची छबी असते. ग्रहण लागलं तर याच ठिपक्यांच्या कोरी होतात. हे सगळं मी लेकीला मोठ्या उत्साहाने समजावत होते, तेवढ्यात शेजारच्या चुलत सासूबाई, म्हणजे काकी, चहा घेऊन आल्या. त्यांनी ठिपक्यांकडे एक नजर टाकली. "वांदर नाचले गो. सतरा दिसतत, पावस इलो की सत्तर होतले."

आमच्याकडे यादी होती. पुण्यात फ्रीजवर चिकटवलेली, मुलीच्या अक्षरात: किल्ला, धामापूर, पिंगुळीच्या बाहुल्या, रापण, होडी, भजन, वाळूचा किल्ला, पोहणे. एप्रिलच्या मध्यापासून पंचवीस दिवस. नवऱ्याने थोडी रजा काढली होती आणि उरलेल्या दिवसांत घरून काम. प्रत्यक्षात ते बावीवरून काम निघालं, कारण फोनला रेंज फक्त विहिरीच्या काठावर, तीही रहाटाला पाठ टेकून उभं राहिलं तरच. यादीत 'घराची दुरुस्ती' होती, पण सगळ्यात खाली, आणि पुढे लिहिलं होतं 'वेळ मिळाल्यास'.

काकींना ती यादी वाचून दाखवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "किल्लो साडेतीनशे वर्सां थंयच आसा. तो खंय पळान जाणा नाय. पावस तसो नाय."

तोंडवली (कुणी तोंडवळी लिहितं, दोन्ही चालतं) हे गाव नकाशावर बघितलं तर गाव वाटतच नाही, एक ओरखडा वाटतो. आचऱ्याहून वायंगणी मागे टाकून रस्ता खाली उतरतो, सुरूचं बन लागतं आणि मग जमीन निमुळती होत जाते. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला गड नदी, मधे वाळूची पट्टी आणि पार टोकाला तळाशील. ही गड नदी सह्याद्रीतून निघून कणकवलीवरून येते. आम्ही ज्या स्टेशनात उतरतो त्या गावातली नदी घराच्या परड्यामागे पुन्हा भेटते. समुद्र अगदी हाकेवर आला तरी ती सरळ आत शिरत नाही. किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वाहत राहते आणि सर्जेकोटाजवळ एकदाची मिळते. त्यामुळे या पट्टीवरच्या माणसाला दोन्हीकडची धास्ती. समुद्र वाळू ओढून नेतो, नदी काठ खाते. मागच्या दशकात वायंगणी आणि तोंडवलीत 'सी वर्ल्ड' नावाचा मोठा पर्यटन प्रकल्प आणायचा घाट घातला गेला तेव्हा गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. समुद्र दाखवायला तिकीट कशाला, हा प्रश्न आमच्या लेकीलाही पडला, आणि तिला त्यातलं राजकारण काही ठाऊक नव्हतं.

काकींनी कामेऱ्यांना निरोप धाडला. उत्तर आलं, आयतवारा येतो. कुठल्या आयतवारी ते मात्र आलं नाही. एप्रिल-मे म्हणजे अख्ख्या तालुक्यात शाकारणीची घाई आणि छपरावर चढणारे हात मोजके. त्यांची वाट बघता बघता जे दिवस मोकळे सापडले, त्यात आमची सहल बसली. पुढे माझ्या लक्षात आलं की इथे सगळंच असं चालतं. सोलं सुकवायची पावसाआधी, लाकूडफाटा भरायचा पावसाआधी, सुके बांगडे डब्यात जायचे पावसाआधी, गडगा बांधायचा पावसाआधी. शहरात उन्हाळा म्हणजे सुट्टी. इथे उन्हाळा म्हणजे परीक्षेच्या आधीचा आठवडा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडणारा पाऊस पेपर तपासायला येणार असतो.

रापण यादीत चौथी होती, पण घडली पहिली. अजून झुंजुमुंजु होतं तेव्हा हाक आली आणि आम्ही चपला हातात घेऊन धावलो. होडीने जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून समुद्रात मोठा अर्धा वळसा घातला होता आणि दुसरं टोक दूरवर आणून टाकलं होतं. मग दोन्ही दोऱ्यांवर माणसं. इंजिन नाही, यंत्र नाही, नुसती माणसं. पाय वाळूत रोवायचे, अंग मागे टाकायचं आणि एकेक पाऊल मागे जायचं. शेवटचा माणूस दोरी सोडून पुढे येतो आणि पाण्याजवळ पुन्हा धरतो. मला वाटलं होतं अर्ध्या तासात जाळं बाहेर. ऊन चढलं, धाकट्याची दोन वेळची भूक झाली, तरी जाळं पाण्यातच. दोन्ही तुकड्या हळूहळू एकमेकींकडे सरकत होत्या. लेक दोरीला लोंबकळली होती. तिच्या ओढण्याने काही होत नव्हतं, पण तिला हटवलं कुणी नाही.

शेवटी जाळ्याचं पोट वर आलं. पेडवे, तारली, थोडे बांगडे, दोन खेकडे आणि एक अगडबंब जेलीफिश, जिला सगळ्यांनी शिव्या घातल्या. एक म्हातारे काका कपाळाला हात लावून बसले. पूर्वी रापणीला बैलगाड्या लागायच्या, असं ते म्हणाले. आता मोठ्या पर्ससीन बोटी बाहेरच्या बाहेर थवेच्या थवे उचलतात आणि काठावर येतो तो उरलासुरला. हे भांडण या किनाऱ्यावर खूप जुनं आहे आणि चवीने ऐकायचं नाही. वाटे पडले. त्याच काकांनी लेकीच्या फ्रॉकच्या ओच्यात सात पेडवे टाकले. मी नको नको म्हणाले, तर मलाच ओरडा बसला: "जेना दोरयेक हात लायलो, तेका वाटो. रीत आसा ती." सात पेडव्यांचं तिखलं झालं. आयुष्यातली पहिली कमाई तिने भाताबरोबर खाल्ली आणि एक मासा मांजराला दिला, आढेवेढे घेत.

सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. कुरटे बेटावर नोव्हेंबर १६६४ मध्ये काम सुरू झालं, तीन वर्षांत तट उभे राहिले. मालवणच्या धक्क्यावर होडीसाठी रांग आणि डोक्यावर ऊन असं की धाकट्याने टोपी समुद्रात फेकून निषेध नोंदवला. लेकीला चुन्यातला शिवरायांच्या हाताचा ठसा बघायचा होता, तो तिने आपल्या हाताशी हवेतच जुळवून पाहिला. पण ती रेंगाळली ती विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मधे बेटावर गोडं, हे तिला पटेना. तेव्हा बापाने तिला घरच्या बावीचं सांगितलं. आपणही तसेच, दोन खाऱ्या पाण्यांच्या मधे. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. जेवढं वरचं वर घ्यावं तेवढं ते गोड. हावरटपणे उपसलं की खालचं वर येतं आणि बाव मचूळ होते. म्हणून काकी पंपाचं बटण आमच्या हाती देत नाहीत. त्या रात्रीपासून लेक दात घासताना तांब्याभर पाण्यात भागवू लागली. पुण्यात मी हे दोन वर्षं सांगत होते.

मधेच एक दिवस धामापूरला गेलो. विजयनगरच्या काळातलं तळं, १५३० साली नागेश देसाई या मांडलिकाने बांधून घेतलेलं, काठावर भगवतीचं देऊळ. २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत ते गेलं. सावलीत बसून आम्ही घरून आणलेले घावणे खाल्ले आणि कोणीच काही बोललं नाही. त्या तळ्याला तेच साजतं. तिथून कुडाळजवळ पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपणारं घर तिथे आहे. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीची चित्रं एकेक करून उचलायची आणि गात गात गोष्ट पुढे न्यायची. पुढचं चित्र उघडेपर्यंत सीता अजून पर्णकुटीतच असते. मोबाइलवर बोट सरकवायची सवय असलेल्या आमच्या मुलीला त्या थांबण्याचा आधी राग आला आणि मग तिने माझा दंड घट्ट धरला. रावण यायचा होता.

गाण्याच्या बाबतीत मात्र आमचं टायमिंग चुकलं होतं. आचऱ्याच्या रामेश्वराच्या रामनवमी उत्सवाचा थाट दरबारी, गाणं, कीर्तन, सगळं साग्रसंगीत. आणि शाळेच्या परीक्षेपायी तो हुकलेला. भेटेल तो विचारी, "रामनवमेक नाय इलास?" आणि आमचे पडलेले चेहरे बघून खूश होई. दशावताराचे दहीकालेही सरत आले होते. मग कळलं की नदीपलीकडे रेवंडीकडच्या अंगाला डबलबारी आहे.

रेवंडीला रस्त्याने जायचं तर कालावलच्या पुलावरून भला मोठा वळसा. होडीने मात्र समोरच. अंधार पडता पडता शेजाऱ्यांच्या होडीत बसलो. नदी काचेसारखी, मागे समुद्राची गाज, पुढून पखवाज लावल्याचा आवाज. रेवंडी म्हणजे मच्छिंद्र कांबळी यांचं गाव. तिथल्या भद्रकालीच्या नावाने त्यांनी आपली नाट्यसंस्था काढली. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली त्यांनी रंगमंचावर आणलं आणि तोवर मुंबईत घरातल्या घरात बोलली जाणारी मालवणी थिएटरात हशा वसूल करू लागली. माझं मालवणीचं शिक्षण त्याच नाटकाच्या सीडीवर झालंय. सासरी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा सगळे हसले ते यामुळेच. मी सुनेसारखी न बोलता नाटकातल्या तात्या सरपंचासारखी बोलत होते.

ज्यांनी डबलबारी ऐकली नाही त्यांना ती भजन म्हणून सांगणं म्हणजे कुस्तीला कवायत म्हणण्यासारखं आहे. समोरासमोर दोन मांडव, दोन बुवा, दोघांची आपापली पेटी, पखवाज, झांजा आणि मागे साथीला कोरस. एका बुवाची बारी संपली की दुसऱ्याची सुरू. नमन, रूपाचा अभंग, गजर, गवळण अशी पायरी चढत जाते आणि प्रत्येक पायरीवर आधीच्याला उत्तर द्यायचं असतं. एकाने गजरात पुराणातला प्रश्न टाकला की दुसऱ्याने त्याच चालीवर तो सोडवून वर आपला एक टोला हाणायचा. टोला कधी देवाचा, कधी समोरच्याच्या पोटाचा. शेवटची बस कधीच गेलेली असते, त्यामुळे उठून जायचा प्रश्न नसतो. मी शास्त्रीय गाणं ऐकत वाढले, मिरज आमच्या उशाला. पहिल्या अर्ध्या तासात मी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू. लाउडस्पीकर कानात खिळे ठोकत होता. मग पखवाजवाल्याने गजराची लय दुप्पट केली, पुढच्या रांगेतल्या बायका एकदम सरळ बसल्या आणि माझ्या मांडीवर झोपलेला धाकटा झोपेतच टाच आपटू लागला. तिथे माझी सांगली हरली.

परतताना लेकीने विचारलं, पखवाजाला मधेमधे हातोडी का मारतात? तिचा बाप म्हणाला, सूर उतरला की ऐकू येतं, मग ठोकून चढवतात. ही माहिती दोन दिवसांनी कामाला आली.

कारण आयतवार उजाडला. एक म्हातारा सुतार आणि तीन कामेरी भल्या सकाळी खळ्यात हजर. आढ्यापासून खाली येत नळे उतरवायचे, घासायचे, रिपा-वासे तपासायचे आणि मग पागोळीकडून पुन्हा वर रचत जायचं. नळा एकेक दोन-अडीच किलोचा. माणसांची साखळी लागली: छपरावर एक, शिडीवर एक, खाली नवरा, त्याच्यापुढे मी, माझ्यापुढे काकी, वय बहात्तर. नळ्यांच्या पाठीवर इंग्रजी अक्षरं उमटवलेली होती, मंगळूरची. जर्मन बोलणाऱ्या बासेल मिशनच्या लोकांनी १८६०च्या दशकात तिथल्या नेत्रावती नदीकाठच्या मातीतून यंत्रावर ही चपटी, खाचांची कौलं पाडायला सुरुवात केली आणि पुढे ती सगळ्या पश्चिम किनाऱ्याच्या डोक्यावर चढली. परदेशी मिशनऱ्यांचा साचा, कर्नाटकातली माती आणि फोडायला सिंधुदुर्गातली माकडं.

चिरलेला नळा डोळ्यांना दिसतोच असं नाही. सुतारकाका एकेक हातावर तोलून बोटाच्या पेराने ठोकत होते. अखंड नळा खणकन वाजतो, चिरलेला बद्द बोलतो. लेक त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. दहाव्या नळ्याला ती म्हणाली, "हा सूर उतरलाय." काकांनी पुन्हा ठोकून पाहिला, बाजूला ठेवला आणि तिच्याकडे बघून, "मगे तूच बस," म्हणत विडी पेटवली. दुपारपर्यंत तिने निम्मं छप्पर वाजवलं. चुकली, पण थोडी. तिच्या मागे चांगल्यांची चळत आणि पुढे फुटक्यांची. फुटके मोजून एकशे बारा भरले. काकींचा सत्तरचा अंदाजही कमीच निघाला.

छप्पर उघडं पडलं तेव्हा घर विचित्र दिसत होतं. आजेसासूबाईंचं देवघर, माजघरातला पाळण्याचा हूक, सगळ्यावर थेट आकाश. एक माडाचा वासा वाळवीने आतून पोखरला होता. बाहेरून साबूत, पण बोट घातलं तर भुसा. तो बदलला, बाकीच्यांना काजूच्या टरफलांचं तेल फासलं. त्या तेलाने माझ्या मनगटावर फोड आले ते अजून आहेत. नव्या लोखंडी खिळ्यांना सुतारकाकांनी नकार दिला. खारी हवा त्यांना दोन पावसाळ्यांत खाते म्हणे. जुने पितळी स्क्रूच पुन्हा वापरले.

आणि एक भांडण झालं. लेकीला झोपल्या झोपल्या चांदण्या बघायच्या होत्या, म्हणून मालवणच्या बाजारातून तिच्या बापाने एक काचेचा नळा आणला होता. माजघराच्या बरोबर वर बसवायला. काकींनी हात जोडले. "काचेचो नळो गळता. खाचेत बसणा नाय तो." सुतारकाकाही मान हलवत होते. नवरा हट्टाला पेटला. छप्पर ज्याचं त्याने ऐकलं नाही आणि काच बसली.

पुढचे आठ दिवस आम्ही सोलांच्या मागे होतो. रातांबे फोडायचे, बिया वेगळ्या काढायच्या, सालं मिठाच्या रसात भिजवून उन्हात घालायची, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. नवरा तसाच बावीवर व्हिडिओ कॉलला उभा राहिला, तर पलीकडच्या साहेबांनी घाबरून विचारलं, लागलंय का?

निघायला दोन रात्री राहिल्या होत्या. दिवसभर घामाने जीव नकोसा झालेला, माडाचं पान हलत नव्हतं. मध्यरात्रीनंतर कधीतरी वारा सुटला आणि छपरावर एक थेंब वाजला. खणकन. मग दुसरा, मग अख्खी झांज. मी अंधारात डोळे फाडून वर बघत होते, नवराही. कुठे काही पडत नव्हतं. तेवढ्यात शेजारून काकींचा आवाज: "गो, सोलां भायर!"

चौघं धावलो. विजेच्या उजेडात खळ्यातल्या चटया गुंडाळल्या, सुपं, पाट्या, जे हाताला लागलं ते ओटीवर ओढलं. काकी डोक्यावर इरलं घेऊन हुकूम सोडत होत्या. धाकटा उंबऱ्यावर बसून एक भिजलेलं सोल चोखत होता आणि तोंड वाकडं करत होता.

आत आलो, कंदील लावला. सतराच्या सतरा जागा कोरड्या. फक्त काचेखाली, लेकीच्या उशीपासून वीतभर अंतरावर, टप्प. काकी दारात उभ्या होत्या, इरल्यातून पाणी गळत होतं. काही बोलल्या नाहीत, नुसतं नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. काढतो उद्या, म्हणाला.

"नको," लेक म्हणाली. तिने स्वयंपाकघरातून तांब्या आणला, बरोबर थेंबाखाली ठेवला, उशी थोडी सरकवली आणि काचेवरून वाहणारी वीज बघत मोजायला लागली.